५४० चे पट्टे, भाग चौथा: उजवा सुटतो, डावा अडतो

आपल्या ५४० ला (महिंद्रा एमएम ५४० जीप) सीट बेल्ट बसवतोय, आणि डावा पट्टा बाहेर यायला तयार नाही. मागच्या नोंदीत दोन्ही रिट्रॅक्टर (पट्टा गुंडाळणारी रिळं) मेन हूपच्या, म्हणजे रोल केजच्या मुख्य कमानीच्या, पायांवर आतल्या बाजूने बसले होते, लूप (खांद्याजवळची कडी, जिच्यातून पट्टा वळतो) बरोबर वर, बकल जागेवर, सगळं रीतसर. उजवा, म्हणजे ड्रायव्हरचा, सरसर सुटतो. डावा दोन बोटं येतो आणि खट्. सोडला की निमूट आत जातो, पुन्हा ओढला की पुन्हा खट्.

पहिला संशय मालावर. म्हणून अदलाबदल केली: उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. तरीही डावीकडचाच अडला आणि उजवीकडचा सुटला. म्हणजे माल ठीक, खोट जागेत आहे.

खरा धागा सोसायटीच्या रॅम्पवर सापडला. ठाण्यातल्या बहुतेक स्टिल्ट पार्किंगांना असतो तसाच साधा उतार. गाडी नाक वर करून उभी केली की अडलेला डावा पट्टा मोकळा होतो. नाक खाली केलं की चांगला चालणारा उजवाही अडतो. आणि अदलाबदल केलेल्या अवस्थेत हे नेमकं उलट होतं. पुढचं सगळं गणित या उलटण्यातून सुटलं.

रिट्रॅक्टरमध्ये दोन वेगळे सेन्सर असतात. एक पट्ट्याच्या झटक्याला दाद देतो, दुसरा गाडीच्या कलण्याला आणि ब्रेकला. दुसऱ्यात छोट्या वाटीत एक गोळी असते. वाटी ओळंब्यात असेल तर गोळी मध्यभागी बसते. कलली की गोळी कडेला चढते, वरचा खटका उचलते आणि चक्राचे दात अडतात. सीट बेल्टच्या युरोपीय आर १६ नियमानुसार १२ अंशांपर्यंत कुठल्याही दिशेला कललं तरी अडता कामा नये आणि २७ अंशांपलीकडे अडलंच पाहिजे. या दोन कोनांच्या मध्ये नेमकं कुठे अडायचं ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर.

आता ही वाटी रिट्रॅक्टरच्या पाठपत्र्याला समांतर असेलच असं नाही. ज्या गाडीसाठी तो बनला तिचा खांब जेवढा मागे झुकलेला, तेवढी वाटी उलट फिरवून बसवलेली असते. आपला संच एका जुन्या, एअरबॅग नसलेल्या हॅचबॅकचा आहे (नवा, डब्यातला). त्या गाडीचा खांब झुकलेला, आपला हूप बाजूने पाहिला तर सरळ उभा.

मोजायची रीत अशी. पाठपत्रा व्हाइसमध्ये हलका धरा, त्यावर फोन टेकवून कोनमापक सुरू करा, एकेक अंश कलवत पट्टा अगदी सावकाश ओढा. सावकाश यासाठी की झटका दिला तर दुसराच सेन्सर अडतो आणि आकडे फुकट जातात. डावा रिट्रॅक्टर पुढे २ अंशांवर अडला, मागे २४ वर. मध्य म्हणजे मागे ११ अंश, दोन्हीकडे १३ ची मोकळीक. आडव्या दिशेत मध्य शून्यावर, मोकळीक तीच. उजव्याचे आकडे आरशातल्यासारखे. ओळंब्यातल्या हूपवर बसवला की ११ अंशांची चूक पदरात पडलेलीच असते.

एवढ्यानेही तो अडला नसता. पण हूपचे पाय वर जाताना आत झुकतात आणि फॅब्रिकेटरने ते सारखे वाकवलेले नाहीत: डावा ७ अंश, उजवा ४. आडवा आणि उभा झुकाव एकत्र येतो तो वर्गांच्या हिशेबाने. १२१ अधिक ४९ म्हणजे १७०, त्याचं वर्गमूळ १३ च्या किंचित वर: अडला. उजवीकडे १२१ अधिक १६ म्हणजे १३७, वर्गमूळ ११.७: सुटला, पण जेमतेम. रॅम्पवर नाक खाली केल्यावर तो का अडत होता ते इथे कळतं. केज करून घेणाऱ्यांनी रंग लावण्याआधी दोन्ही पायांना कोनमापक लावून पाहावं, नुसत्या डोळ्याला तीन अंशांचा फरक दिसत नाही.

उपाय म्हणून आधी पाठपत्र्याखाली पाचर घालायचं ठरलं होतं. ते रद्द. पाचरीवर बोल्टचं डोकं एका कडेवर टेकतं आणि झटका बसला की बोल्ट ताणाऐवजी वाकवला जातो. मग लक्षात आलं की ११ अंशांची चूक पाठपत्र्याच्या पातळीतलीच आहे, पाचरीची गरजच नाही. रिट्रॅक्टर त्याच्या एका बोल्टभोवती फिरवायचा आणि तो फिरू नये म्हणून असलेल्या छोट्या जिभेचं भोक ११ अंश सरकवून पाडायचं. राहिला आडवा झुकाव ७, तो १३ च्या आत.

हे करून पाहिलं. पट्टा सुटला, पण तोंडाच्या एका कडेला घासत, दुमडत. कारण उघड आहे: रिट्रॅक्टर तिरका आणि लूप मात्र थेट डोक्यावर. पट्टा तोंडातून सरळ निघायचा तर लूपही त्याच तिरप्या रेषेत हवा. रिट्रॅक्टर आणि लूप यांत उभं अंतर ५२० मिमी धरलं तर ११ अंशांना १०१ मिमी पुढे-मागे फरक पडतो. डावा रिट्रॅक्टर डावीकडे ठेवला तर तो हूपच्या १० सेंमी पुढे यायला हवा, आणि तिथे सीट आहे. उजवा रिट्रॅक्टर डावीकडे लावला तर झुकाव उलटा होतो आणि जागा हूपच्या १० सेंमी मागे येते. तिथे व्हील आर्चचा (चाकावरच्या पत्र्याचा) सपाट माथा आहे! म्हणजे मालाची खोट शोधायला केलेली अदलाबदलच आता कायमची बसवणी ठरली. बसल्यावर डावा पट्टा लोण्यासारखा सुटतो. आर्च सपाट असल्यामुळे आडवा झुकावही शून्य. पट्टा मागच्या स्टेला (हूपला मागून टेकू देणारा तिरका पाईप) घासत नाही ना, तेवढं बघायचं.

ब्रॅकेट ५ मिमी माइल्ड स्टील पत्र्याचा, काटकोनात वाकवलेला, दोन्ही कडांना गसेट (तिकोनी आधारपत्रे). गसेटशिवाय चालणार नाही, कारण ताण वरच्या दिशेने येतो आणि नुसता एल उलगडतो. तळाला दोन बोल्ट, सॉकेट पाना जाईल तेवढे वाकाच्या जवळ. आर्चच्या खालून १०० बाय ६५ मिमीची ३ मिमी जाड प्लेट, कोपरे गोल. रॅलीच्या एफआयए (जागतिक मोटरस्पोर्ट संघटना) नियमात नव्या जागी किमान ४० चौ. सेंमी आणि ३ मिमी मागितलेत, आपली ६५ चौ. सेंमी आहे. त्याआधी आर्चला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. खाडीच्या हवेतल्या गाडीचा पत्रा रंगाखाली पापड झालेला असतो आणि पापडाखाली कितीही मोठी प्लेट घातली तरी उपयोग शून्य. भोक पाडण्याआधी खाली ब्रेकची नळी कुठून जाते तेही.

लूपसाठी केजच्या पाईपला भोक पाडून नट-बोल्ट आवळणं नको. पाईप चेपतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. पाईपमधून आरपार बुश (जाड भिंतीची छोटी नळी), दोन्ही तोंडांना वेल्ड, आत ७/१६ यूएनएफचे (इंची बारीक) आटे. वेल्डिंगच्या वेळी पट्टे गाडीतून बाहेर काढून ठेवा. पॉलिस्टरवर एक ठिणगी पडली तरी तो पट्टा बाद.

आट्यांबद्दल एक सापळा. सीट बेल्टचा बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, २० टीपीआय (इंचाला २० आटे). त्याचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.२७ मिमी. एम १२ च्या बारीक आट्याचा पिच १.२५. त्यामुळे हा बोल्ट एम १२ च्या नटात अगदी गोड जातो, आणि तीच फसगत. बोल्ट ११.१ मिमीचा, नट १२ चा, आटे एकमेकांना साधारण एक तृतीयांश खोलीवरच धरतात. आवळताना कळत नाही, ओढ बसली की सोलून निघतात. नट हाताने फिरवताना डुगडुगला तर तिथेच थांबा. संचात आलेले पायरीचे बोल्टच वापरा, लूप त्यांच्यावर मोकळा फिरतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट लूपला जखडून टाकतो. आवळण ४५ न्यूटन मीटर.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना संच आणायचा विचार करणाऱ्यांना: ठोकलेल्या गाडीचा पट्टा फुकट मिळाला तरी नको. वायर आणि छोटी नळी असलेला रिट्रॅक्टर तर नकोच, त्यात प्रीटेन्शनरची (धडकेत पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेची) स्फोटक दारू असते. एअरबॅगवाल्या गाडीच्या पट्ट्यात बरेचदा लोड लिमिटर असतो, तो धडकेत पट्टा मुद्दाम थोडा सोडतो, कारण पुढे फुगा आहे असं त्याने धरलेलं असतं. ५४० मध्ये पुढे काच आणि स्टिअरिंग आहे. बकल आणि त्यात अडकणारी पट्ट्याची जीभ एकाच संचातली घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचीही कधी कधी ‘टक’ वाजते, पण त्या आवाजावर भरवसा नको.

रिट्रॅक्टर खाली गेल्यामुळे पट्ट्याची लांबी जास्त खर्च झाली, तेव्हा सर्वांत धिप्पाड माणूस जाकीट घालून बसवा आणि बकल लावल्यावर रिळावर किमान दोन फेरे उरतात का ते बघा. इथे तीन उरले.

हे लिहिताना लेबलं पुन्हा वाचली आणि बेत परत हलला. आपल्या पट्ट्यावर ‘ए आर ४ एम’ आहे: तीन-पॉइंट, रिट्रॅक्टर चौथ्या प्रकारचा, दोन्ही सेन्सर. याच नियमात ‘४ एन’ असा एक भाऊ आहे, जड गाड्यांसाठी, उशिरा अडणारा. साध्याला ०.४५ जी मंदनाला (गाडीचा वेग घटण्याला, १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा) अडावं लागतं, ४ एन ला ०.८५, आणि कलण्याची वरची मर्यादा २७ ऐवजी ४० अंश. मुरबाडकडच्या आडव्या उतारावर आपला १३ अंशांचा रिट्रॅक्टर सतत अडलेलाच राहणार. वर दर खड्ड्याला ढिलाई आत ओढत एकेक दात आवळत जाणार, खांदा मोकळा करायचा तर गाडी सपाटीवर आणावी लागेल. ४ एन असेल तर हे बरंच कमी होईल. पण रस्त्यावरच्या ब्रेकलाही तो उशिरा जागा होईल, आणि या गाडीचा बराचसा वेळ घोडबंदर रोडवरच जातो. म्हणून सध्या ४ एम, नियम साधा: उतारावर चढण्याआधी पट्टा लावा, चढल्यावर तो बाहेर येणार नाही. हलका व्हॅन-ट्रकवाला ४ एन संच मिळाला तर ब्रॅकेट तोच राहील, रिट्रॅक्टरच्या जिभेचं भोक तेवढं नव्याने मोजून.

काहींनी सुचवलेला चार-पॉइंट हार्नेस (दोन खांद्यांचे आणि कमरेचे पट्टे) पुन्हा सुचवू नका. मांड्यांमधला पट्टा नसला की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात, आणि मांड्यांमधला पट्टा घालायला आपल्या सीटला खाच नाही.

चिखल अडवायला रिट्रॅक्टरवर ट्यूबच्या रबराची झडप वरून, तळ उघडा, पाणी निघून जायला. रिट्रॅक्टरमध्ये तेल घालू नका, धूळ धरून गोळी वाटीला चिकटते. हलवल्यावर बारीक खुळखुळ ऐकू आली पाहिजे.

कमरेच्या पट्ट्याचा कोन डावीकडे सीट पुढे असताना ४८ अंश, मागे ७१. आर १४ (पट्ट्याच्या बसवणीच्या जागांचा युरोपीय नियम) मध्ये बकलच्या बाजूला ४५ ते ८० चालतात, म्हणजे पुढच्या टोकाला काठावर पास. उजवीकडचं मोजमाप बाकी आहे, आणि तिकडचा रिट्रॅक्टरही आता आर्चवर हलवायचा आहे. डाव्या लूपला सध्या क्लॅम्पवर टांगलंय. बुश टर्नरकडून गुरुवारी येतात. तोवर डाव्या सीटवर कोणी बसणार नाही.