साडेसातचा वास

त्याच घरून तिसरी तक्रार आली तेव्हा मी शिडी गाडीतच ठेवून वर गेलो. आज फक्त बोलायचं, असं ठरवलं होतं. बाईंना समजावायचं की एसीत आता काही राहिलेलं नाही, वास तुमच्या मनात बसलाय. सतरा वर्षं या कामात आहे. हे वाक्य आजवर किती जणांच्या तोंडावर मारलं असेल, ते आठवायला आता नको वाटतं.

बाई निवृत्त शिक्षिका, शाळेत विज्ञान शिकवायच्या. पहिल्या भेटीतच त्यांनी एक वही पुढे केली होती. तारीख, वेळ, एसी कधीपासून सुरू आणि वास कसा: 'थोडा', 'बराच', 'बसवत नाही'. मी हो हो करत दोन पानं उलटली आणि जाळी काढायला घेतली. दिवसाला सहा कॉल असतात, वह्या कधी वाचायच्या?

शिवाय त्या दिवशी आत जे दिसलं ते पुरेसं होतं. इनडोअरच्या फ्लॅपमधून टॉर्च मारली तर ब्लोअरच्या, म्हणजे खोलीत हवा फेकणाऱ्या पंख्याच्या, पात्यांना आतल्या कडेने काळी बुरशी. नखाने खरवडली तर ओल्या काजळीसारखी बोटाला चिकटली. वास ओल्या कपड्यांचा, पिळून तसेच बादलीत विसरलेल्या. याचं कारण साधं आहे. खोलीत २७ अंश आणि ७० टक्के दमटपणा असेल तर साधारण २१ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. कॉइल, म्हणजे हवा गार करणाऱ्या आतल्या नळ्या, तर दहाच्या आसपास असते. दमट दिवसात तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. त्यातलं बरंचसं ड्रेनमधून जातं, पण थोडं फिन्समध्ये, कॉइलवरच्या पातळ पत्र्यांत, अडकून राहतं. लोक रिमोटने एसी फटकन बंद करतात. आत अंधार, ओल आणि जाळीतून निसटलेली धूळ. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही, एक-दोन दिवसही तिला पुरतात.

त्यात बाईंच्या छोट्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. विकणारा 'मोठा घ्या, लवकर थंड होईल' म्हणतो आणि ते खरंही असतं. खोली दहा मिनिटांत गार होते, मग कॉम्प्रेसर मंद पडतो, कॉइल पुरेशी थंड राहत नाही आणि हवेतलं पाणी हवेतच राहतं. गार पण चिकट खोली. अशा खोलीत उशीसुद्धा कोंदट होते.

ब्लोअर धुणं ही माझी अभिमानाची गोष्ट आहे, म्हणून थोडं सांगतो. बहुतेक जण समोरून जेट पंप मारतात. पाण्याच्या माऱ्याने ब्लोअर गरगर फिरतो, वरची धूळ जाते, पिशवीत काळं पाणी दिसतं, गिऱ्हाईक खूश. पात्यांच्या आतल्या बाजूची बुरशी मात्र जागेवर राहते. मी ब्लोअर बाहेर काढतो. पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, झाकायचा, सेन्सरच्या वायरी सोडवायच्या, मोटरच्या बाजूचा स्क्रू सैल करायचा आणि पात न मोडता तो सबंध पिंजरा सरकवून घ्यायचा. मग मऊ ब्रशने एकेक पात. तासभर जातो, त्याचा वेगळा पैसा कुणी देत नाही. काही जण कॉइलवर ॲसिड मारतात, ॲल्युमिनियम चकचकीत दिसतं आणि पुढे फिन्स भुगा होतात. काही जण सुगंधी स्प्रे मारून निघतात. आणि काही जण 'गॅस कमी आहे, म्हणून वास' असं सांगून गॅसचे पैसे लावतात. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. गॅसला ओल्या कपड्यांचा वास येत नाही.

तर मी ब्लोअर, कॉइल, ट्रे सगळं धुतलं, पैसे घेतले, निघालो. आठ दिवसांनी फोन.

दुसऱ्या भेटीत ड्रेन पाहिला. पाइपला उतार नीट, टोक उघड्यावर, कुठल्या सांडपाण्याच्या पाइपात घातलेलं नाही. ट्रेमध्ये बुळबुळ नाही. मग नेहमीचा सल्ला: बंद करण्याआधी अर्धा तास नुसत्या फॅन मोडवर ठेवा, आतलं पाणी वाळेल. बाई म्हणाल्या, "ते मी महिन्याभरापासून करते आहे, वहीत आहे." मी व्हिजिटचे पैसे घेतले.

तिसऱ्या वेळी मात्र बाईंनी चहापाणी न विचारता वही उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आधी वाचा. मग बोला."

सात मिनिटं लागली असतील. 'एसी ५.३० पासून. वास ७.३५, बराच.' 'एसी ४ पासून. वास ७.३०, बसवत नाही.' 'एसी ९.१५ला लावला. वास नाही.' माझे कान तापले. कॉइल आणि ब्लोअरचा वास एसी लावल्या लावल्या येतो, पहिली पाच-दहा मिनिटं, मग ओसरतो. हे मी नव्या पोरांना शिकवतो. दोन तास चाललेल्या एसीला साडेसातला अचानक वास सुटत नाही. पहिल्याच दिवशी हे पानावर लिहिलेलं होतं.

"साडेसातला तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"काय करणार? स्वयंपाक."

एवढ्यात हेल्पर शिडी आणायला निघाला होता तो दारातच थांबला. "दादा, दार ओढतंय. आतून कुणी धरल्यासारखं." फटीतून बारीक शिट्टीही वाजत होती. स्वयंपाकघरात चिमणी सुरू होती. नवी, घेऊन तीनेक महिने झालेली.

अशा चिमणीवर ताशी १००० घनमीटर हवा खेचण्याचा आकडा लिहिलेला असतो. प्रत्यक्षात निम्मी खेचली तरी ती कुठून तरी आत यायला हवी. खिडक्या उघड्या असतील तर खिडकीतून येते. पण एसी लावला म्हणून बाई सगळ्या खिडक्या गच्च बंद करायच्या. एसी नसताना खिडक्या उघड्या, म्हणून वास नाही. एसी असताना खिडक्या बंद, म्हणून वास. गुन्हेगार एसीच ठरणार.

मी एसी मेनमधून बंद केला. चिमणी फुल. टिश्यू पेपरची पट्टी फाडून इनडोअरच्या मागे, भिंत आणि बॉडीच्या फटीत धरली. पट्टी माझ्याकडे फडफडली. नाक लावलं. तोच वास. मशीन बंद, ब्लोअर थांबलेला आणि वास भिंतीतून अंगावर येतोय.

युनिट खालून उचलून पुढे ओढलं. भिंतीत पाइप जाण्यासाठी पाडलेलं भोक, साधारण ६५ मिलिमीटरचं. बाहेरून लावलेली पुट्टी वाळून गळून गेलेली. भोकाच्या आत कॉपरचा जॉइंट, दोन पितळी नट, हिरवे पडलेले, उघडे. जाड पाइपला इन्सुलेशन होतं, पण नटांच्या वीतभर आधी संपलेलं. बारीक पाइपला नव्हतंच, दोन्ही पाइप एकत्र टेपमध्ये गुंडाळलेले. स्प्लिट एसीत एक्स्पान्शन, म्हणजे दाब उतरून गॅस गार होणं, आउटडोअरमध्येच होतं, त्यामुळे बारीक पाइपसुद्धा थंडच असतो, दोन्ही वेगवेगळे झाकावे लागतात. ते न केल्यामुळे त्या भोकात वर्षानुवर्षं पाणी ठिबकत होतं. आतला गिलावा ओल्या बिस्किटासारखा झाला होता, बोट रुतत होतं. त्यावर राखाडी-काळी साय. बाहेरची हवा या भोकातून, या गिलाव्याला चाटून खोलीत यायची.

दोन तास गेले. कुजका गिलावा खरवडला, भोक वाळवलं, दोन्ही पाइपना वेगळं इन्सुलेशन, जॉइंटवर दोन थर, आत-बाहेर पुट्टी, बाहेरच्या बाजूला उतार. चिमणी लावाल तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, असं सांगितलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

टेप उकलताना एक गोष्ट जाणवत होती. एसी कुणी बसवला बाईंना आठवत नव्हतं, पण मी हेल्पर होतो तेव्हा आम्हीही असंच गुंडाळायचो. नगावर पैसे मिळायचे, दिवसाला चार बसवायचे. जॉइंट भोकात ढकलला की दिसत नाही, वर टेप मारली की झालं. मिस्त्री म्हणायचा, "भिंतीच्या आत कोण बघतंय?" किती घरांत असे जॉइंट ठेवून आलोय, देव जाणे. त्यांतल्या कुणी ना कुणी तरी माझ्याच धंद्यातल्या माणसाला दर वर्षी ब्लोअर धुण्याचे पैसे देत असेल.

पंधरा दिवसांनी मीच फोन केला.

"वास नाही," बाई म्हणाल्या. "सगळी नोंद आहे. फक्त तुमच्या पहिल्या दोन भेटींच्या पैशांसमोर मी प्रश्नचिन्ह घातलंय."

ब्लोअर खरंच घाण होता, हे मी त्यांना सांगितलं. "तेही लिहिलंय," म्हणाल्या. "म्हणूनच प्रश्नचिन्ह. नाहीतर फुलीच मारली असती."

दुसऱ्या भेटीचे पैसे पाकिटात घालून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेत. पहिल्या भेटीचं अजून ठरत नाहीये.