मरून, पण कुठला?

पेंटरचाचांनी मोटरसायकलची टाकी हातात घेतली, उलटी केली, नखाने जुन्या पुट्टीचा एक टवका उडवला आणि विचारलं, "ताई, रंग कुठला मारायचा?"

"मरून."

"ते झालं. जावा म्हणजे मरूनच. पण कुठला मरून?"

मला वाटत होतं अवघड भाग संपला. इंजिन बांधून झालं होतं, क्लच प्लेटा मिळाल्या होत्या, एक सायलेन्सर कोल्हापुरात आणि त्याचा जोडीदार थेट म्हैसुरात सापडला होता. रंग काय, दुकानात जायचं, डब्यात भरून आणायचा. चाचांच्या त्या एका प्रश्नाने माझे पुढचे आठ महिने खाल्ले.

गाडी अण्णांची. १९६७ सालची जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. हा कारखाना १९६१ साली सुरू झाला, १९७३ पासून त्याच गाड्यांवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये त्याला टाळं लागलं. जावा हे नाव मुळात जोडकाम. चेक कारखानदार फ्रान्तिशेक यानेचेक यांचं 'या' आणि वाँडरर या जर्मन कंपनीचं 'वा'. म्हणजे तिकडचे लोक तिला 'यावा' म्हणतात. आमची मात्र काही केल्या येत नव्हती. वीस वर्षं मिरजेच्या घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. त्याआधी ती एकदा काळी झाली होती, एकदा काकाच्या हौसेने निळी, आणि शेवटी कुणीतरी ब्रशनेच तिला पुन्हा लालसर काहीतरी फासलं होतं.

२०१८ मध्ये जावा नव्या रूपात बाजारात परत आली. तेव्हा सोपा मार्ग चाचांनीच सुचवला, "नव्या जावाचा मरून मारू का? कोड टाकला की मशीन बनवून देतं." पण मला १९६७ चाच रंग हवा होता. का, ते नीट सांगता आलं नाही. चाचांनीही विचारलं नाही. त्यांच्याकडे अशी गिऱ्हाइकं येत असावीत.

मग साक्षीदार गोळा करायला घेतले. पहिला साक्षीदार आरसी बुक. जीर्ण पानावर निळ्या शाईत सुंदर अक्षर, आणि रंगाच्या रकान्यात एकच शब्द: 'रेड'. संपलं. पोस्टाची पेटीही रेड, एसटीही रेड. नंतरच्या काळ्या-निळ्या अवतारांची नोंद कुणी केलीच नव्हती. कायद्याने करायला हवी होती, पण काका आणि कायदा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसरा साक्षीदार फोटो. लग्नानंतरच्या दिवाळीत घरासमोर काढलेला, अण्णा जावावर, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली. कृष्णधवल. त्यात गाडी जशी करडी, तशीच आईची साडी करडी, अगदी एकाच छटेची. मी आनंदाने म्हटलं, "म्हणजे साडी मरून होती!" आई म्हणाली, "बाटलीहिरवी होती ती. अजून आहे ट्रंकेत." गडद लाल आणि गडद हिरवा कृष्णधवल फोटोत एकाच करड्यात जाऊन बसतात, हे मला त्या ट्रंकेने शिकवलं.

तिसरी साक्षीदार आईच. आईला शेड कार्ड लागत नाही. कुठलाही रंग दिसला की ती तो साडीत नेऊन बसवते. मोतिया, चिंतामणी, गुलबक्षी, वांगी, तपकिरी, श्रीखंडी. तिने क्षणभर डोळे मिटले आणि निकाल दिला, "डाळिंबी. पण दाण्याचा नाही हं. साल वाळायला लागते ना, तसा." मी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "छे! तुझ्या आईला काय कळतंय. अंजिरी होता. पिकलेल्या अंजिराची पाठ बघ." मग दोघींचं फोनवर जे जुंपलं, त्यात जावा मागे राहिली आणि १९७१ मधली कुठलीशी पैठणी पुढे आली. मला मात्र एक गंमत लक्षात आली. आपल्याकडे या रंगाला स्वतःचं असं नावच नाही, उसनं फळ आणावं लागतं. आणि मरून या शब्दाचंही तेच. तो फ्रेंच 'मारों'वरून आला, म्हणजे चेस्टनट, एक तपकिरी सालीचं फळ. तेव्हा आत्या आणि फ्रेंच एका बाजूला, आई दुसऱ्या.

शेवटी माणसांचा नाद सोडून गाडीलाच विचारायचं ठरवलं. जुन्या गाडीचा पहिला रंग शोधायचा तर जिथे ऊन आणि पुढच्या पेंटरचा हात पोचला नाही अशा जागा बघायच्या. हेडलाइटच्या घुमटात आतून. सीटखाली, जिथे टाकीचं शेपूट झाकलं जातं. बाजूच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या अंगाला. स्पीडोमीटरच्या कड्याखाली. चाचांनी हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवला आणि मडगार्डवर एकाच ठिकाणी बोटाने गोल गोल घासू लागले. मी टॉर्च धरून. जरा वेळाने रंगांची वर्तुळं दिसू लागली, कापलेल्या ओंडक्यावर असतात तशी. बाहेर ब्रशचा लाल, मग निळा, मग काळा, त्याखाली बारीकशी मरून कडी, मग प्रायमरचा करडा, आणि मधोमध चकचकीत पत्रा. रुपयाएवढ्या जागेत घरातला अर्धा इतिहास. काळ्याच्या आणि निळ्याच्या मध्ये पुट्टीचा जाड पांढरा थर होता. अण्णा आत्तापर्यंत गाडी कधी पडलीच नाही म्हणत होते.

पण या साक्षीदारांचंही आपसांत जमेना. डब्याच्या झाकणाआतला मरून काळपट, सीटखालचा विटकरीकडे झुकलेला, स्पीडोमीटरच्या कड्याखालचा सगळ्यात ताजा. एकाच गाडीवर, एकाच दिवशी मारलेला रंग, आणि तीन उत्तरं. चाचांना यात काहीच नवल वाटलं नाही. लाल रंग उन्हाला सगळ्यात भितो, त्यातला लालपणा आधी उडतो. सीटखाली पेट्रोलचा ओघळ येत राहतो, तो रंग मऊ करून धुऊन नेतो. आणि अंधार तरी जपतो म्हणावं, तर तसंही नाही. जुना इनॅमल तेलाच्या जातीचा, तो उन्हात फिकटतो, पण कायम अंधारात ठेवला तर पिवळट पडतो. मरूनमध्ये ते चटकन कळत नाही, पण झाकणाच्या कडेला आत वळलेली एक रेघ होती, ती बाहेरून मोतिया आणि आतून चक्क लोण्यासारखी झाली होती. म्हणजे लपवून ठेवलेलंच खरं असतं असं काही नाही. हे मला त्या झाकणाबद्दल कळलं. घरातल्या काही गोष्टींबद्दल आधीच कळलेलं होतं.

मग मी शास्त्राकडे वळले. आपल्याकडे रंगांचं एक सरकारी मानक आहे, आयएस ५. त्यात प्रत्येक छटेला नाव आणि तीन आकडी नंबर. ५३७ सिग्नल रेड, ५३८ पोस्ट ऑफिस रेड, ५४१ मरून. पोस्टाच्या पेटीला स्वतःचा नंबर आहे हे वाचून मला उगाच बरं वाटलं. ५४१ ची पट्टी मी कड्याखालच्या रंगाशेजारी धरली. ट्यूबलाइटखाली जुळी भावंडं. दारात उन्हात नेली तर एक लाल, एक जांभळट. दोन रंगांत घातलेली मूळ द्रव्यं वेगळी असली की असं होतं, एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात. साडीच्या दुकानातून ब्लाउजपीस दाराशी नेऊन बघणाऱ्या बायकांना हे शास्त्र फार आधीपासून ठाऊक आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातले जावा-येझदीवाले आपापल्या शहरात गाड्या घेऊन जमतात. मी पुण्याला गेले, पर्समध्ये पत्र्याच्या पट्ट्या घेऊन. पन्नासेक जावा ओळीने उभ्या. एकीचा मरून दुसरीसारखा नाही, आणि प्रत्येक मालक शपथेवर सांगणार की आपलाच कंपनीचा. त्यात पाऊस. ओला रंग गडद दिसतो, त्यामुळे तासाभरात सगळ्यांचेच मरून बदलले. शिवाय निम्म्या गाड्या काचेसारख्या चमकत होत्या. त्या काळी वरून पारदर्शक लॅकरचा थर नसायचा; रंगच भट्टीत भाजलेला, त्याची चमक जरा खोल आणि मवाळ. कारखान्यातून निघालेली कुठलीही जावा इतकी नवी नसणार.

परत आले तेव्हा चाचांनी पाच पट्ट्या रंगवून ठेवल्या होत्या, मागे खडूने नंबर. लॅकर नाही, नुसता रंग आणि हलकं बफिंग. आता शेवटचे साक्षीदार उरले होते, ज्यांना मी मुद्दामच मागे ठेवलं होतं. अण्णांचं वय त्र्याऐंशी आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी पट्ट्या खिडकीशी नेल्या, "सगळे काळपट आहेत गं," म्हणाले, आणि त्यातल्या त्यात दोन नंबर निवडला. सगळ्यात लाल.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी दोन नंबर हातात घेऊन ते ओरडलेच, "हा कुणी निवडला? हा बँडवाल्याचा कोट आहे!"

पिकलेलं भिंग पिवळं-तपकिरी होतं, निळा उजेड आत येऊच देत नाही. अण्णा इतकी वर्षं चहाच्या गाळातून जग बघत होते. त्यामुळे त्यांना आठवणीतला रंग दिसायला प्रत्यक्षात जरा जास्तच लाल पट्टी लागत होती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याने होतं, म्हणजे महिनाभर आमच्या घरात एकाच माणसाचे दोन साक्षीदार होते. अण्णा ओट्यावर बसून एक डोळा तळहाताने झाकायचे, मग दुसरा. उजव्याने दोन नंबर, डाव्याने चार नंबर, शंभर टक्के. मग त्यांना त्याचा नादच लागला. जास्वंद, पडदा, शेजारच्यांची स्कूटर, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एकदा जुन्या डोळ्याने आणि एकदा नव्या. आईकडेही बघून झालं. ती म्हणाली, "आता दोन्ही उघडा आणि चहा घ्या."

पंचविशीतल्या माणसाचं भिंग नितळ असतं, म्हणून मी डाव्या डोळ्याचं ऐकलं. चार नंबर स्पीडोमीटरच्या कड्याखालच्या रंगाशेजारी धरला. ट्यूबलाइटखाली जुळला. उन्हात नेला. पुरता नाही, पण भांडणही नव्हतं.

गाडी दसऱ्याला घरी आली. मडगार्डवरची रेघ चाचांनी लांब केसांच्या ब्रशने, श्वास रोखून, एका हातात ओढली. एके ठिकाणी ती किंचित थरथरली आहे, आणि मी ती तशीच ठेवायला सांगितली. आई बाहेर आली, लांबून पाहिलं, "म्हटलं नव्हतं, डाळिंबी." आत्याला व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलने गाडीचा रंग त्याच्या मनाने बदलून टाकला आणि पलीकडून विजयी आवाज आला, "बघ! अंजिरीच आहे." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी किकचा दांडा उभा केला, दोनदा मारला आणि तोच दांडा वळवून पुढे गिअरला लावला, जावाला किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात तसा. पुढे जायची परवानगी आईने दिली नाही.

२०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. परवा तो अर्ज भरायला बसले. इंजिन नंबर, चासी नंबर, वर्ष, आणि मग रंगाचा रकाना. पेन तिथे बराच वेळ थांबलं. आतून आई, फोनवर आत्या, ओट्यावर अण्णा, तिघांनाही विचारायची सोय होती.

मी 'रेड' लिहिलं.