तुम्ही विचारलंत म्हणून: मॅन्युअल नसलेल्या चिपचे काउंटर ओळखायचे कसे?

"मॅन्युअलच नाही, तर कुठला काउंटर काय मोजतो हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला कळतं कसं?" हा प्रश्न नेहमी येतो. (काउंटर म्हणजे प्रोसेसरमध्ये घडणाऱ्या घटना, म्हणजे इव्हेंट, मोजणारं हार्डवेअर.) उत्तरासाठी ॲपलची एम१ चिप घेऊ. लिनक्स ५.१८ मध्ये, २०२२ साली, तिच्या पीएमयूचा (हे काउंटर सांभाळणारा चिपचा भाग) ड्रायव्हर आला, तेव्हा त्यात ओळख पटलेले इव्हेंट दोनच होते: सायकल (घड्याळाचे ठोके) आणि इन्स्ट्रक्शन (पार पडलेल्या सूचना). बाकीच्यांपुढे 'अननोन' आणि हेक्स आकडा. मला हे अगदी योग्य वाटतं. चुकीचं नाव चिकटलं की लोक त्यावर विसंबून भलताच कोड सुधारत बसतात. नुसता आकडा दिसला तर निदान आधी तपासून बघतात.

दर कोअरला १० काउंटर आहेत. ० आणि १ हे सायकल आणि इन्स्ट्रक्शनला कायमचे जोडलेले. उरलेल्या ८ काउंटरना ८ बिटांचा इव्हेंट कोड द्यायचा. २ ते ५ यांचे कोड एका रजिस्टरात (प्रोसेसरमधली छोटी साठवणजागा), ६ ते ९ यांचे दुसऱ्यात. गोम अशी की प्रत्येक इव्हेंट प्रत्येक काउंटरवर चालत नाही. काही फक्त ५, ६, ७ वर, काही तर एकाच काउंटरवर. चुकीच्या जागी टाकला तरी हार्डवेअर तक्रार करत नाही. म्हणून २५६ कोड गुणिले ८ काउंटर, अशा २०४८ जोड्या एकाच ठरलेल्या कामावर चालवून तक्ता करायचा.

रजिस्टरांची चाचपणी थेट कर्नलमध्ये करू नका. नसलेलं रजिस्टर वाचलं की एक्सेप्शन येतो आणि कर्नल कोसळतो. एम१एन१ या, लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरच्या पायथन शेलमध्ये तो एक्सेप्शन पकडला जातो आणि काम पुढे चालू राहतं. लिहिताना आधी वाचा, हवे तेवढेच बिट बदला, मग लिहा.

आता ओळख पटवणं. समजा एखादा कोड एल१ डेटा कॅशचे मिस (हवा तो डेटा कोअरलगतच्या छोट्या मेमरीत न सापडणं) मोजतोय असा संशय आहे. १२८ बाइटांच्या अंतराने नोड मांडा, त्यांना यादृच्छिक क्रमाने एकमेकांना जोडा आणि पॉइंटरमागून पॉइंटर वाचत जा. आधी ३२ केबीचा ॲरे, मग १ एमबीचा. मोठ्या कोअरचा एल१ १२८ केबी आहे, त्यामुळे दर वाचनामागे आकडा जवळपास ० वरून जवळपास १ वर गेला पाहिजे. १ एमबी म्हणजे १६ केबीची ६४च पानं, म्हणून तिथे टीएलबी (मेमरीच्या पानांचे पत्ते लक्षात ठेवणारा तक्ता) मध्ये लुडबुड करत नाही. इथे थांबू नका. तोच ॲरे सरळ क्रमाने वाचा. प्रीफेचर पुढच्या लाइन (कॅशचे ठरावीक आकाराचे तुकडे) आधीच आणून ठेवतो, त्यामुळे खरे मिस घटतात; कॅशमध्ये भरल्या गेलेल्या लाइनचा आकडा मात्र फारसा हलत नाही. हे दोन इव्हेंट याच चाचणीत वेगळे पडतात.

ब्रांच मिसप्रेडिक्टसाठी (कोड कुठल्या फाट्याने जाईल याचा प्रोसेसरचा अंदाज चुकणं) दहा लाख ताजे रँडम बिट घ्या, प्रत्येकावर एक ब्रांच ठेवा, निम्म्याच्या आसपास म्हणजे पाचेक लाख चुका दिसाव्यात. छोटा ॲरे पुन्हापुन्हा फिरवलात तर प्रेडिक्टर तो पाठ करतो. कंपायलरने ब्रांचच्या जागी सीसेल (फाटा न घेता निवड करणारी सूचना) घातलंय का, हे ऑब्जडंपमध्ये (तयार प्रोग्रॅममधल्या सूचना दाखवणारं साधन) बघाच.

काउंटर वाचण्याआधी आणि नंतर आयएसबी (आधीच्या सूचना पुऱ्या होईपर्यंत पुढच्या रोखणारी सूचना) हवं, नाहीतर प्रोसेसर वाचन मागेपुढे सरकवतो. प्रोसेस एका कोअरवर बांधा: ८ कोअरच्या एम१वर सीपीयू ० ते ३ आइसस्टॉर्म (छोटे कोअर), ४ ते ७ फायरस्टॉर्म (मोठे कोअर). रिकाम्या लूपचा आकडा वजा करा.

ड्रायव्हर अडतो तो बहुधा ओव्हरफ्लोवर, म्हणजे काउंटर भरून ओसंडतो तिथे. काउंटर ४८ बिटांचे आहेत, पण इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) उठतो बिट ४७ लागला की. म्हणून पर्फला (लिनक्सचं मोजणीचं साधन) रुंदी ४७ सांगायची आणि दर दहा लाख इव्हेंटना एक सँपल (प्रोग्रॅम तेव्हा कुठे होता याची नोंद) हवं तर २चा ४७वा घात वजा दहा लाख ही किंमत भरायची. (सायकल काउंटर ३.२ गिगाहर्ट्झला शून्यापासून तिथवर पोचायला सुमारे १२ तास लागतात. त्यामुळे नुसत्या मोजणीत हा दोष दिसतच नाही.) हा इंटरप्ट एफआयक्यू (एआरएम प्रोसेसरमधला इंटरप्टचा एक वेगळा प्रकार) म्हणून येतो आणि टायमरही त्याच वाटेने येतात. म्हणून हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडने) पीएमसीआर० या नियंत्रणाच्या रजिस्टरातला 'इंटरप्ट ॲक्टिव्ह' बिट आणि इंटरप्टचा मोड दोन्ही तपासायचे, पीएमएसआर या स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरातून कुठला काउंटर भरला ते वाचायचं आणि तो ॲक्टिव्ह बिट उतरवायचा. कुठलाच काउंटर भरलेला नसला तरीही उतरवायचा. तो तसाच राहिला तर एफआयक्यू पुन्हापुन्हा येत राहतो आणि कोअर तिथेच अडकतो.

फायरस्टॉर्मवर पटलेली ओळख आइसस्टॉर्मवर गृहीत धरू नका. लिनक्समध्ये ते दोन वेगळे पीएमयू आहेत, आणि छोट्या कोअरचा एल१ ६४ केबीचा आहे. तेव्हा वरच्या सगळ्या चाचण्या तिथे नव्याने चालवा, आणि जो कोड दोन्हीकडे सारखा वागला नाही त्याचं 'अननोन' तसंच ठेवा.