मॅडमच्या शेजारी बसून चित्र काढताना खचायला होत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही एकट्यांनीच विचारलंय असं नाही, मॅडमच्या वॉटरकलरच्या क्लासला नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण दोन-तीन रविवार झाले की मला बाजूला घेतो आणि हेच विचारतो, की काका, एवढ्या तयारीच्या माणसाशेजारी बसून आपला कागद रंगवायचा म्हणजे खचायला होत नाही का, घरी जाऊन ब्रश फेकून द्यावासा वाटत नाही का. मलाच का विचारतात, तर वयाने मी सगळ्यांत मोठा आणि चित्रात मधला, त्यामुळे याला विचारलं तर हा हसणार नाही असं लोकांना वाटत असावं.

आधी थोडं सांगून ठेवतो म्हणजे पुढचं कळेल. मी अकाउंट्सवाला माणूस, इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न यात हयात गेली, पन्नाशीनंतर वॉटरकलरचा नाद लागला. मॅडम माझ्याहून चांगल्या वीसेक वर्षांनी लहान, लोकमान्य नगरात घराच्या वरच्या खोलीत शिकवतात आणि रविवारी सकाळी आम्हाला बाहेर कुठेतरी बसायला नेतात, कधी होळकरांचा राजवाडा, कधी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या घुमटवाल्या समाध्या, कधी सिरपूर तलाव. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात. म्हणजे बघा, 'त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे हो, आपण कालचे' ही जी सगळ्यांची सोयीची समजूत असते ना, ती मला मिळतच नाही. आणखी वीस वर्षांनी मी त्र्याहत्तरचा असेन आणि त्या माझ्या आजच्या वयाच्याही नसतील.

तर, खचायला होतं का? होतं की. न व्हायला काय झालं. पण यावर जो सल्ला सगळीकडे मिळतो, की तुलना करूच नका, प्रत्येकाचा प्रवास वेगळा असतो वगैरे, तो मला कधीच पटला नाही. अहो, तुलना करायची नाही तर फी कशाला भरायची? त्यांची रेघ आणि माझी रेघ शेजारी ठेवल्याशिवाय माझी कुठे वाकडी झालीय ते कळणार कसं? तुलना हेच तर शिकणं आहे. फक्त आपण ती नको तेवढी मोठी करतो, त्यांचं अख्खं चित्र आणि माझं अख्खं चित्र, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या आणि मी. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आपण आपलं एक व्हाउचर, म्हणजे एका व्यवहाराची चिठ्ठी, दुसऱ्याच्या बॅलन्सशीटला, अख्ख्या ताळेबंदाला, लावून बघतो आणि मग रडतो की टॅली होत नाही. होणारच नाही. व्हाउचर व्हाउचरलाच लावायचं.

आणि वॉटरकलरमध्ये हा घोळ जास्त होतो. क्रिकेट बघताना आपण काय विराट कोहलीशी स्वतःची तुलना करत नाही, तो तिकडे टीव्हीत आणि आपण इकडे सोफ्यावर. पण इथे काय असतं, त्या आणि मी एकाच ओट्यावर बसलेलो, समोर तोच राजवाडा, तोच ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद, त्याच निळ्या अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सायनाच्या ट्यूबा, पाणीसुद्धा एकाच बाटलीतलं. सगळं सारखं असल्यावर मन म्हणतं, मग फरक एकच उरला, तू. हे गणितच चुकीचं आहे, कारण जे सारखं नसतं ते डोळ्यांना दिसत नाही.

ते काय असतं ते मला राजवाड्यासमोरच कळलं. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, आणि नवीन माणूस काय करतो तर सगळ्या खिडक्या मोजून मोजून काढतो. मॅडमनी एका बाजूच्या पाच-सहा खिडक्या नीट काढल्या, बाकीच्या नुसत्या सावलीत बुडवून टाकल्या, आणि तरी चित्र बघणाऱ्याला सगळ्या खिडक्या दिसतात. आम्ही सगळे त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो, ब्रश कसा धरला, मनगट कसं वळवलं. माझी जागा त्या दिवशी त्यांच्या डाव्या अंगाला होती म्हणून मला डावा हात दिसला. डाव्या हातात जुन्या बनियनचा तुकडा, आणि दर एक-दोन फटकाऱ्यांनंतर ब्रश त्या चिंधीला टेकवायचा, पुसायचा नाही, नुसता टेकवायचा, क्षणभर, मग कागदावर. कधी दोनदा टेकवायच्या, कधी अजिबात नाही. बोलताना, पोहेवाल्याला 'भिया जीरावन जरा कम' म्हणून ओरडून सांगतानासुद्धा डाव्या हाताचं चालूच.

वॉटरकलर ज्यांनी केलंय त्यांना लगेच समजेल की मी काय सांगतोय. सगळा खेळ पाण्याचा आहे. कागदावरचा वॉश, म्हणजे पाण्यात कालवून पसरलेला रंगाचा पातळ थर, अर्धवट वाळत आलाय, त्यावरची चमक नुकतीच जातेय, अशा वेळी तुमच्या ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते पाणी आत घुसतं, आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि अशी दातेरी कडा सोडून जातं की आकाशाचा नकाशा होतो. जास्तीचं पाणी चिंधीने टिपून ब्रशमध्ये कमी राहिलं तर तोच फटकारा मऊ बसतो. मी इतके दिवस 'मॅडमचं आकाश' आणि 'माझं आकाश' यांची तुलना करत होतो, तिथे मला फक्त एवढंच उत्तर मिळायचं की त्यांना येतं आणि मला येत नाही. आता तुलना कशाची, तर ब्रश चिंधीला लागला की नाही लागला. हे मला करता येतं. याला टॅलेंट लागत नाही, एक बनियन लागतं. माझं आकाश लगेच त्यांच्यासारखं झालं असं अजिबात नाही, पण बिघडलं तर का बिघडलं ते कळायला लागलं, आणि खरं सांगू का, का ते कळलं की खचायला होत नाही, नुसता राग येतो, आणि राग परवडला.

मग मी मॅडमशी काही गोष्टी स्पष्ट बोलून घेतल्या. त्यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही, की माझ्या कागदावर तुमचा ब्रश लावू नका. सगळे शिकवणारे हे करतात, प्रेमानेच करतात, 'द्या काका इकडे' म्हणत दोन फटकारे मारतात आणि चित्र एकदम जिवंत होतं, पण मग होतं काय, त्या दोन फटकाऱ्यांच्या शेजारी आपलं बाकीचं सगळं चित्र मेलेलं दिसायला लागतं, आणि घरी बायको नेमकं तेवढंच झाड दाखवून म्हणते की हे छान जमलंय हो. त्यापेक्षा शेजारच्या रद्दी कागदावर करून दाखवा, मी बघून माझं माझं करीन. मॅडमना आधी हे जरा विचित्र वाटलं, आता सगळ्यांनाच तसं दाखवतात.

दुसरं म्हणजे 'कसं झालंय?' हे विचारणं मी बंद केलं. कसं झालंय विचारलं की दोनच उत्तरं येतात, छान झालंय किंवा अजून प्रॅक्टिस करा, आणि दोन्हींचा उपयोग शून्य. त्याऐवजी 'ही कडा इथे कडक का पडली?' किंवा 'सावली वाळल्यावर एवढी फिकी का झाली?' असं विचारलं की मॅडम माणसाबद्दल बोलतच नाहीत, पाण्याबद्दल बोलतात. सावलीचं म्हणाल तर वॉटरकलर वाळल्यावर फिका पडतोच, ओला असताना जरा जास्तच गडद वाटेल इतका लावायचा असतो. उत्तर एका ओळीचं आणि त्याने माझं निम्मं काम झालं. इंदूरच्या मे महिन्यात तर आणखी गंमत, वॉश टाकून दुसरा रंग कालवेपर्यंत पहिला वाळलेला असतो, आपल्याला वाटतं आपला हात हळू, तर मॅडमनी सांगितलं की कागद मागूनही ओला करून बोर्डावर चिकटवा. हवेचा दोष मी स्वतःच्या खात्यात लिहीत होतो!

इन्स्टाग्रामवर त्यांना म्यूट केलंय, त्यांना सांगूनच केलंय, त्या हसल्या. तिथे फक्त झालेली चित्रं येतात, तीही निवडलेली, आणि मला झालेलं चित्र बघून काही शिकता येत नाही, होताना बघितलं तर येतं. न जमलेली चित्रं त्या फेकून देत नाहीत बरं का, त्यांच्या पाठी रंग तपासायला वापरतात, त्यामुळे क्लासमध्ये असा एखादा तुकडा उलटून बघितला की पलीकडे गढूळ झालेलं आकाश किंवा अर्धी सोडलेली छत्री निघते. ते बघून आनंद झाला असं म्हणणं बरं दिसत नाही, पण झाला.

हे सगळं मी मनाचंच सांगतोय असं नाही. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा या दोघींनी १९९७ साली छापलेल्या अभ्यासात अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना, हो, चक्क अकाउंटिंगच्याच, शेवटच्या वर्षाच्या एका अतिशय हुशार विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाची मुलं ते वाचून स्वतःबद्दल जास्त चांगलं बोलायला लागली, कारण त्यांच्या हातात अजून वर्षं होती, आपणही असं होऊ शकतो असं वाटायला जागा होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तसा काही फायदा झाला नाही, त्यांची वेळ संपत आली होती. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण उशिरा शिकायला लागलेल्या माणसाचं दुखणं नेमकं हेच असतं. विशीतली मुलगी मॅडमचं चित्र बघून म्हणते 'मला असं व्हायचंय', आणि तिला ते शोभतं. मी तेच म्हटलं तर मनातला हिशेबनीस लगेच बाकी काढून दाखवतो. म्हणून मी त्यांच्यासारखं व्हायचं हे खातं उघडलंच नाही. मला त्यांची चिंधी हवीय, सावलीचा रंग हवाय, खिडक्या सोडून द्यायची हिंमत हवीय. एवढं त्र्याहत्तरपर्यंत होईल.

आणि आपल्या इंदूरकरांना तर हे कोणी सांगायची गरजच नको. इथे इंदूरला चित्रकला शिकवणाऱ्या द. दा. देवळालीकर सरांचं नाव आज चित्रकलेबाहेरच्या किती जणांना माहीत आहे? त्यांच्या हाताखाली शिकलेले बेंद्रे, हुसेन मात्र साऱ्या देशाला माहीत. १९१० साली इथेच जन्मलेले ना. श्री. बेंद्रे पुढे १९५० मध्ये बडोद्याला सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत पेंटिंग शिकवायला गेले, आणि त्यांचे विद्यार्थी बघा, ज्योती भट्ट छापचित्रांकडे आणि कॅमेऱ्याकडे वळले, गावागावांतल्या भिंतींवरच्या आणि अंगणातल्या चित्रांचे फोटो काढत हिंडले, गुलाम मोहम्मद शेख यांची चित्रं म्हणजे गोष्टींच्या आत गोष्टी. कोणाचंच चित्र बेंद्र्यांसारखं दिसत नाही. ही मुलं बेंद्र्यांच्या शेजारी बसूनच शिकली ना? म्हणजे सरांकडून काहीतरी उचललं आणि सरांचं चित्र सरांकडेच ठेवलं. आता आम्ही कुठे आणि ते कुठे हे मलाही कळतं, लगेच हसू नका, पण उचलायची पद्धत तीच.

एक गोष्ट राहिली, आणि ती गोड करून सांगता येत नाही. काही फरक मिटत नाहीत. मॅडम नुसत्या नजरेने छत्रीचा घुमट कागदावर जिथे हवा तिथे ठेवतात, मोजमाप नाही, खोडरबर नाही. मला ते येत नाही आणि येईल असं वाटतही नाही. मी हात लांब करून पेन्सिल डोळ्यासमोर धरतो, अंगठ्याने माप घेतो, घुमटाची उंची खांबांच्या किती पट ते मोजतो आणि मग खुणा करतो. रस्त्यावरची पोरं उभी राहून बघतात, एकाने विचारलं, अंकल सर्वे चल रहा है क्या. चालतं. माप बरोबर येतं ना, मग ते नजरेने आलं की पेन्सिलने आलं याचा पुरावा चित्रात राहत नाही.

तेव्हा नवीन येणार असाल तर रविवारी साडेसहाला राजवाड्यासमोर या, बाजार उघडला की बसायला जागा मिळत नाही. कागद चांगला आणा, त्यात कंजूषी केलीत तर कागदाच्या चुका स्वतःच्या समजून बसाल. चिंधी सुती हवी, टेरिकॉट पाणी पीत नाही. आणि शक्यतो मॅडमच्या डाव्या बाजूची जागा धरा, मी आलो नसेन तर.