स्पाइकवरचा एक टॅप: व्हॅलोरंटमधला मनाचा खेळ

'आज कॉन्फिडन्सच नाहीये' हे वाक्य व्हॅलोरंटच्या, म्हणजे पाच-पाच जणांच्या दोन टीम्सच्या ऑनलाइन शूटिंग गेमच्या, व्हॉइस चॅटवर सतत कानावर पडतं. बहुतेक वेळा अडचण नेमाची नसते. कोपऱ्यावर पोचल्यावर काय करायचं, हेच ठरलेलं नसतं. मग खेळाडू अर्धाच बाहेर येतो, थबकतो, क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) खाली झुकलेला असतो आणि समोरचा त्याला निवांत टिपतो. त्याच खेळाडूला 'मी फ्लॅश (डोळे दिपवणारा झोत) टाकतोय, तीन म्हटलं की दोघं एकदम निघू' असं सांगा, नेम लगेच सुधारतो. निर्णय आधी झालेला असला की हात मोकळा चालतो. समोरच्याला दबावात आणायचं तर त्याचा निर्णय लांबवायचा. माझ्या मते या खेळातल्या सगळ्या मानसिक डावपेचांचं मूळ इथेच आहे.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते स्पाइक, म्हणजे अटॅकर लावतात आणि डिफेंडर निकामी (डिफ्यूज) करतात तो बॉम्ब, लागल्यानंतर, दोन्ही बाजूंचा एकेकच खेळाडू उरल्यावर. स्पाइक फुटायला ४५ सेकंद. डिफ्यूजला ७ सेकंद, पण सलग साडेतीन सेकंद धरलं की अर्धं काम जमा होतं आणि नंतर फक्त उरलेलं अर्धं करावं लागतं. डिफ्यूजचा आवाज लपलेल्या अटॅकरला ऐकू जातो, म्हणून डिफेंडर आधी टॅप करतो: अर्धा सेकंद धरायचं, सोडायचं आणि समोरचा जिथून येईल तिथे क्रॉसहेअर लावायचं. घाबरलेला अटॅकर आवाज येताक्षणी बाहेर पडतो आणि मरतो. कबड्डीत चढाईला आलेला खेळाडू पाय पुढे टाकून मागे घेतो, बचावपटूने घाईत झेप टाकावी म्हणून, हेही तसंच.

अनुभवी अटॅकर पहिल्या टॅपला हलत नाही. दुसऱ्यालाही नाही. एव्हाना 'हा नुसता टॅप करतोय' असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. म्हणून डिफेंडरने तिसऱ्या वेळी लगेच सोडायचं नाही, साडेतीन सेकंद पूर्ण धरायचे आणि अर्ध्यावर सोडून पुन्हा बंदूक वर करायची. तो उशिरा बाहेर येतो आणि तुम्ही तयार असता. अटॅकरच्या बाजूने यावरचा उपाय म्हणजे मोजणं. आवाज सुरू झाला की मनात मोजा. खोटा टॅप एक सेकंदही टिकत नाही. आवाज दोन सेकंदांपुढे गेला की तो खरा धरून बसलाय असं समजा आणि अर्धं व्हायच्या आत निघा.

हे फसतं कुठे? पहिलं, वेळेचं भान सुटतं. २० सेकंद उरले की स्पाइकची टिकटिक वाढते, १० उरले की आणखी, ५ ला आणखी. १० सेकंदांची टिकटिक सुरू झाली आणि अर्धं जमा नसेल, तर टॅपचा खेळ बंद. स्मोक (धुराचा आडोसा) असेल तर स्पाइकवर टाका आणि धरून बसा. दुसरं, समोर ब्रिमस्टोन किंवा व्हायपर (खेळातली पात्रं) दूर बसून लाइनअपने, म्हणजे आधी पाठ केलेल्या कोनातून, मॉली (जमिनीवर काही सेकंद इजा करणारा मारा) टाकत असेल तर त्याला बाहेर यायचंच नसतं. तिथे टॅपचा उपयोग वेगळा: टॅप करा, बाजूला व्हा, मॉली वाया जाऊ द्या. तिचे सहा-सात सेकंद आधीच हिशोबात धरलेले हवेत.

साइटच्या (स्पाइक लावायच्या जागेच्या) फेकचंही, म्हणजे खोट्या हल्ल्याचंही, गणित आवाजाचंच. असेंट हा मॅप घ्या. त्यात ए आणि बी अशा दोन साइट. पहिले दोन राउंड ए मेन या वाटेने खरोखर जोरात घुसा. तिसऱ्यात दोघांनी तिथेच धावायचं, एक स्मोक, एक फ्लॅश खर्च करायचा. बाकी तिघं स्पाइक घेऊन शिफ्ट दाबून, चालत मिड (मॅपचा मधला भाग) आणि मार्केटच्या बाजूने बीकडे. धावताना तुमच्या मिनीमॅपवर जे वर्तुळ उमटतं, ते तिघांच्या भोवती एकदाही दिसता कामा नये. फेक करणारे दोघं बहुधा फार लवकर पळ काढतात, किंवा फ्लॅश वाचवायला जातात. खर्च न केलेल्या फेकवर कोणी विश्वास ठेवत नाही. खालच्या रँकमध्ये मात्र याच्या वाटेला जाऊ नका. आयर्न-ब्राँझ या तळाच्या रँकमधला डिफेंडर आवाज ऐकून दुसऱ्या साइटकडे जातच नाही, तो बीवरच उभा सापडतो.

ऑपरेटरची भीती बंदुकीपेक्षा मोठी असते. ४७०० क्रेडिट्सची (खेळातल्या पैशांची) ही स्नायपर मिडवर एकदा दिसली की पुढचे दोन राउंड समोरची टीम मिड ओलांडताना कचरते. म्हणून एक किल झाला की जागा सोडा. रिकामी मिड ती भीतीच सांभाळते आणि तुम्ही दुसरीकडे मोकळे. समोरच्याकडे ऑपरेटर असेल तर एकाने उडी मारून गोळी काढून घ्यायची आणि दुसऱ्याने लगेच निघायचं. ऑपरेटरच्या दोन गोळ्यांमध्ये दीड सेकंदाहून जास्त जातो, तेवढा पुरतो. एकेकट्याने 'बघतो' म्हणत डोकावणं म्हणजे त्याला फुकट किल देणं.

मन सगळ्यात आधी खचतं ते पैशांवरून. पिस्तूल राउंड, म्हणजे पहिला राउंड, हरल्यावर १९०० मिळतात. चिडून तेच खर्च केले तर तिसऱ्या राउंडला हातात २४०० च्या आसपास, म्हणजे पुन्हा अर्धवट खरेदी, पुन्हा हार आणि मग एकमेकांवर ओरडणं. दुसऱ्या राउंडला खर्चच केला नाही (सेव्ह) तर १९०० आणि २४०० मिळून ४३००: व्हॅन्डल रायफल २९००, हेवी शील्ड १०००, ४०० शिल्लक. एक बारकावा पुष्कळ जण विसरतात. अटॅकला असताना स्पाइक न लावता जिवंत राहून राउंड हरलात तर २४०० ऐवजी १००० च मिळतात. सेव्हच्या राउंडला काहीच न करता कोपऱ्यात लपून राहू नका. हातातल्या फुकटच्या पिस्तुलानेच किल शोधा.

आघाडीवर असताना उलटा धोका असतो. जानेवारी २०१८ मध्ये बॉस्टनला काउंटर-स्ट्राइक या अशाच खेळाच्या मेजरच्या (मोठ्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात, तिसऱ्या मॅपवर फेझ ही टीम १५-११ ने पुढे होती, एकच राउंड हवा होता. समोरच्या क्लाउड९ ने तिथून बरोबरी साधली आणि दुहेरी ओव्हरटाइममध्ये २२-१९ ने मॅप आणि मेजर दोन्ही जिंकलं. व्हॅलोरंटमध्येही १२-७ ने पुढे असताना बहुतेक टीम्स मॅपवरचा ताबा सोडून मागे बसतात, 'आता ते चुकतील' म्हणून. तसं करू नका. ज्या चालीने बारा राउंड आले तीच सुरू ठेवा.

आता मेल्यानंतरचं बोलणं. दोन सेकंद, तीन गोष्टी: कोण, कुठे, किती डॅमेज. 'जेट, हेवन, ८४.' संपलं. 'अरे माझा हेडशॉट लागलाच नाही' हे राउंड संपल्यावर. क्लच खेळणाऱ्याच्या (एकट्याने राउंड वाचवणाऱ्याच्या) कानात चार जण सल्ले देतात तेव्हा त्याला पावलं ऐकू येत नाहीत, आणि वर सांगितलेलं सगळं ऐकण्यावरच चालतं. म्हणून नियम सामन्याआधीच ठरवा: एकटा उरला की बाकी गप्प, त्याने विचारलं तरच उत्तर. अनोळखी टीममध्ये कोणी शिव्या देत असेल तर समजावत बसू नका, लगेच म्यूट करा आणि कॉल पिंगने (मॅपवर खूण करून) द्या. नंतर म्यूट करू म्हणून थांबलात तर मधले दोन-तीन राउंड भांडणातच जातात.