मसाई मारा: पिवळ्या कार्डापासून नदीच्या काठापर्यंत

ताईची साठी झाली तेव्हा तिला विचारलं, "काय हवंय तुला?" साडी नको, दागिना नको, जेवणावळ नको. म्हणाली, "विल्डबीस्ट नदी ओलांडतात ना, ते मला बघायचंय. समोर उभं राहून." विल्डबीस्ट म्हणजे आफ्रिकेतलं गाईसारखं दिसणारं मोठं हरीण. पैसे साठवण्यात पुढची दोन वर्षं गेली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी बहिणी केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला जाऊन आलो. जाण्याआधी जे सोपस्कार करावे लागले ते आम्हाला कोणी धड सांगितलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते.

सुरुवात केली लसीपासून. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया यलो फीव्हरची लस विचारत नाही. विचारतो आपलाच देश, आणि तेही परत येताना. हा ताप पसरवणारे डास आपल्याकडे मुबलक आहेत, ताप मात्र आलेला नाही. तो येऊच नये म्हणून ही सगळी खबरदारी. परतणाऱ्याकडे लसीचं पिवळं कार्ड नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात. एका कुपीत बऱ्याच जणांची लस असते आणि कुपी उघडली की ती काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक लोकांनाच बोलावतात. "जाऊ की आदल्या आठवड्यात" असं म्हणून चालत नाही. आम्ही दीड महिना आधी नंबर लावला.

ताई बासष्टची. साठीनंतर ही लस जपून देतात, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तिला बसवून सगळं विचारलं: अंड्याची ॲलर्जी आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, प्रतिकारशक्तीचा काही त्रास आहे का. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. ती घेऊन पुन्हा गेलो तेव्हा लस मिळाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोघींना कणकण आली, तेवढंच.

पण घरी आल्यावर रात्री मी कार्ड आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून बघितला, आणि ताईच्या कार्डावर पासपोर्ट नंबराचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट पडलेले! 47 च्या जागी 74. दुसऱ्या दिवशी पुन्हा केंद्रावर, पुन्हा रांग. तिथल्या बाईंनी चूक दुरुस्त करून वर शिक्का मारून दिला. तुम्ही गेलात तर टेबलावरून उठायच्या आधीच आकडे वाचा, एवढी माझी विनंती आहे.

त्यानंतर केनियाची परवानगी. 2024 च्या जानेवारीपासून त्या देशाने व्हिसा बंद करून ईटीए सुरू केलं आहे, म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची मंजुरी. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा, स्वतःचा फोटो, जाण्यायेण्याचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जोडायचं. आमच्या वेळी फी माणशी 30 डॉलर होती. शोधायला गेलं की हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट आधी वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे मागतात. मी एका साइटवर कार्डाचा नंबर टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात भाच्याने हात धरला. खऱ्या साइटच्या पत्त्याचा शेवट 'गो डॉट केई' असा आहे, तेवढं बघावं. अर्ज केल्यावर तीन दिवसांत मंजुरी आली.

पैशांचं स्पष्टच सांगते. माराच्या अभयारण्याचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आहे, जानेवारी ते जून 100. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, असं बारा तासांचं. आम्ही फाटकाबाहेर राहिलो आणि दोन पूर्ण दिवस आत काढले, म्हणजे नुसत्या प्रवेशाचेच 800 डॉलर झाले. पोचलो त्या संध्याकाळी "तासभर आत जाऊन येऊ" हा मोह टाळला, कारण त्या तासालाही पूर्ण दिवसाचंच तिकीट पडलं असतं.

सामान भरताना प्लॅस्टिक घरीच ठेवा. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि 2020 पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. आम्ही चिवडा आणि दशम्या स्टीलच्या डब्यांत भरल्या, बाकी सगळं कापडी पिशव्यांत. स्वेटर मात्र विसरू नका. आफ्रिका म्हणजे ऊन, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मारा विषुववृत्ताच्या जवळ असलं तरी महाबळेश्वराहून उंचावर आहे आणि पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात.

मुंबईहून नैरोबी सहा तास. घड्याळ अडीच तास मागे करायचं. विमानतळाबाहेर आमचा चालक उभा होता, गाइडही तोच. पन्नाशीचा, उंच, हळू बोलणारा, तिथल्या मसाई या गुराखी जमातीचा माणूस. पहिल्याच भेटीत ताईला म्हणाला, "कारिबू, मामा." ताई माझ्याकडे बघायला लागली. मग त्यानेच उलगडून सांगितलं: तिथल्या स्वाहिली भाषेत कारिबू म्हणजे या, स्वागत आहे; मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. आपली सगळी नाती तिथे जागा बदलून बसलेली! मग आम्ही त्याला काकाच म्हणायला लागलो. दोन्ही भाषांत मान राहिला. गाडीला तिथे 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', साबणाला 'साबुनी', आणि चहा-चपाती तर जशीच्या तशी. वाटेत शब्दांची ही देवघेव चालूच होती.

नैरोबीपासून रिफ्ट व्हॅली या प्रचंड दरीचा कडा उतरून, माय माहियू आणि नारोक ही गावं करत अभयारण्याच्या सेकेनानी फाटकापर्यंत साडेपाच तास लागले. नारोक हे शेवटचं मोठं गाव, पैसे-पेट्रोल तिथेच घ्यावं. त्यानंतर गव्हाची शेतं संपली आणि रस्त्याकडेला लाल शुका, म्हणजे मसाईंची चादर, पांघरलेली गुराखी पोरं आणि त्यांची गुरं दिसायला लागली. त्याच गुरांच्या मागे, जराशा अंतरावर, झेब्रे चरत होते. मला तोवर वाटायचं की फाटकापाशी रान सुरू होत असेल. पण माराला कुंपणच नाही. 1510 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, दक्षिणेला त्याला लागून टांझानियाचं सेरेंगेटी, आणि भोवती मसाई कुटुंबांच्या जमिनी. जनावरं या सगळ्यांतून मोकळी फिरतात. म्हणूनच अंधार पडल्यावर तंबूपासून जेवणघरापर्यंतही एकटं जाऊ देत नाहीत. आस्करी, म्हणजे पहारेकरी, बॅटरी घेऊन सोबत येतो.

त्या रात्री ताईने काकांना स्वाहिलीतच विचारलं, "उद्या किती वाजता?" उत्तर आलं, "सा कुमी ना म्बिली." ताईने आकडे पाठ केले होते: बारा. सकाळी बारा वाजता निघायचं? तिचा चेहरा पडला. काका हसले. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर चालतं. विषुववृत्ताजवळ दिवस आणि रात्र वर्षभर जवळपास सारख्या, म्हणून सूर्य उगवल्यावर मोजायला लागायचं: आपले सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपले सहा म्हणजे त्यांचे बारा.

सहाला फाटकातून आत गेलो. एका उंचवट्यावर काकांनी गाडी थांबवली आणि छत वर केलं. मसाईंच्या मा भाषेत 'मारा' म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांचं. पिवळं गवत आणि त्यावर दूरदूर बाभळीसारख्या झाडांचे ठिपके. मग लक्षात आलं की काही ठिपके हलताहेत.

ताडोबाला मी चारदा गेले आहे. तिथे कान लावून बसायचं असतं. चितळाचा, वानराचा इशारा आला की गाडी वळते. इथे सगळं उघड्यावर असतं, त्यामुळे दिसलं की धावावंसं वाटतं, आणि नेमकी तिथेच चूक होते. आमच्याकडूनही झाली.

आठच्या सुमाराला वारुळावर चित्ता दिसला. मादी होती. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या त्या दोन काळ्या रेघा दुर्बिणीतून इतक्या स्पष्ट दिसत होत्या की वाटलं, आत्ताच काजळ ओघळलंय. मागे गवतात तीन पिल्लं. पोटं खपाटीला गेलेली. पुढे दोनशे पावलांवर थॉमसन गॅझेल या छोट्या हरणांचा कळप. ती वारुळावरून उतरली, डोकं खाली घातलं आणि एकेक पाऊल टाकायला लागली. काकांनी इंजिन बंद केलं होतं. ताई म्हणाली, "काका, जरा पुढे घ्या ना. फोटोत येत नाहीये."

काकांनी नकारार्थी मान हलवली आणि दबक्या आवाजात समजावलं. चित्ता दिवसा शिकार करतो, कारण रात्रीचं रान सिंहाचं आणि तरसाचं. तो काही शे मीटरच जोरात पळू शकतो, नंतर दम लागून बसतो. म्हणून त्याला लपत-छपत जवळ जावं लागतं. मध्ये गाडी आली की गॅझेल मान वर करतं, आणि या मादीची सकाळ फुकट. नियम तसेच आहेत: जनावरापाशी एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी घ्यायची, रस्ता सोडून गवतात उतरायचं नाही, 25 मीटरच्या आत जायचं नाही.

ताई गप्प बसली. पण पलीकडून तीन गाड्या आल्या, रस्ता सोडून थेट गवतात शिरल्या आणि चित्ता आणि कळप यांच्या बरोबर मध्ये थांबल्या. छतातून सात-आठ जण उभे राहिले. गॅझेलांच्या माना एकदम वर झाल्या, शेपट्या हलायला लागल्या आणि कळप पांगला. मादी उभी होती तिथेच खाली बसली. पिल्लं येऊन तिच्या अंगाला लागली. एक पिल्लू तिचं तोंड चाटत होतं.

मला रडू आलं. त्या गाड्यांतली माणसं वाईट नव्हती. हौसेने, आयुष्यभराची पुंजी मोडून आलेली असणार, आमच्यासारखीच. पण "अजून जवळ घ्या" हे आपण म्हणतो आणि बक्षिशीच्या आशेने चालक नियम मोडतो. त्याची किंमत त्या पिल्लांनी दिली. ताईने काकांचा हात धरून त्यांना "पोले" म्हटलं. माफ करा, वाईट वाटलं, अशा दोन्ही अर्थी तो शब्द चालतो.

दुसरा दिवस आम्ही नदीला दिला. काका म्हणाले होते, दिवसभर फिरून पंधरा प्राणी बघा, नाहीतर एका जागी बसा. ताईने बसायचं ठरवलं. साडेनऊला मारा नदीच्या काठापासून बऱ्याच मागे, झुडपाआड गाडी उभी केली. कळप पाण्याकडे यायला निघालेला असताना गाडीने कडेला जायचं नसतं. एकदा पार व्हायला लागले की मग पुढे जाता येतं. समोरच्या पठारावर विल्डबीस्ट जमत होते. दरवर्षी दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट पावसामागून, कोवळ्या गवतामागून सेरेंगेटीतून वर येतात आणि पुन्हा खाली जातात. त्यातले किती हजार त्या सकाळी आमच्यासमोर होते, मोजणं शक्यच नव्हतं. आवाज मात्र अजून कानात आहे. हंबरणं नाही, डुरकणं नाही; नाकातून काढलेला जाड हुंकार, हजारो गळ्यांतून एकदम.

दहा वाजता पुढचे काही कडेपर्यंत आले, पाणी हुंगलं आणि माघारी पळाले. धूळ उडाली. अकराला पुन्हा तेच. खाली वाळूवर मगरी ओंडक्यांसारख्या पडलेल्या, पाण्यात पाणघोडे फुरफुरत होते. साडेअकराला आम्ही दशम्या काढल्या, काकांनाही दिल्या. बारानंतर दोन गाड्या कंटाळून निघून गेल्या. ताई दुर्बीण डोळ्यांवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

एक वाजून दहा मिनिटांनी एक झेब्रा उतरला. नुसता उतरला आणि पाण्यात उभा राहिला. त्याच्यामागे एका विल्डबीस्टने कड्यावरून उडी टाकली, आणि मग सगळं पठारच नदीत ओतल्यासारखं झालं. काकांनी गाडी हळू पुढे घेतली. माना पाण्यावर, डोळे पांढरे, एकाच्या पाठीवर दुसऱ्याचे खूर. पलीकडे चढायची वाट अरुंद. पुढचे घसरून मागच्यांवर पडत होते. एक वासरू प्रवाहाने खाली गेलं, उभ्या कड्याशी जाऊन धडपडायला लागलं. तीनदा चढलं, तीनदा घसरलं. ताई मोठ्याने म्हणत होती, "इकडून नाही रे बाळा, मागे फीर." चौथ्या वेळी ते स्वतःच वळलं, पाण्याच्या कडेने चालत वाटेपाशी आलं आणि वर चढून गेलं. एकाला मगरीने ओढलं, तेही दिसलं. तेवीस मिनिटं हे चाललं होतं.

मग नदी परत शांत. खाली वळणावर बुडालेल्यांची धडं अडकलेली होती आणि गिधाडं, मॅराबू करकोचे त्यांवर उतरत होते. या नदीत दरवर्षी सरासरी 6,000 हून जास्त विल्डबीस्ट बुडतात. मासे, मगरी, पक्षी त्यांच्यावर जगतात आणि हाडं वर्षानुवर्षं विरघळत पाण्याला खत देत राहतात. पलीकडच्या तीरावर वासरं हरवलेल्या काही आया उलट तोंड करून ओरडत उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ताईने एकही फोटो काढला नव्हता.

परतताना मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य तपासणीचं टेबल होतं. आमच्यापुढच्या एका जोडप्याला बाजूला बसवून ठेवलं होतं. नवऱ्याचं कार्ड होतं, बायकोचं सापडत नव्हतं. ताईचं कार्ड त्या माणसाने पासपोर्टशेजारी ठेवलं आणि बोटाने एकेक आकडा ताडत गेला. दुरुस्तीच्या शिक्क्यापाशी बोट थांबलं, त्याने कार्ड उजेडात धरलं, मान हलवली आणि परत दिलं.

ही लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात. ताईने ते कार्ड घरी कपाटात, बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवलंय. फेब्रुवारीच्या सुमाराला सेरेंगेटीच्या दक्षिणेला विल्डबीस्ट वितात, तिथल्या खर्चाचा अंदाज तिने मला काढायला सांगितलाय.