बॉल गेला तरी कॅमेरा तिथेच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रग्बीच्या दर मॅचला टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब कडेला, शेजारी उभं राहिलेलं कुणीतरी विचारतंच, "ताई, बॉल तिकडे गेला, तुमचा कॅमेरा अजून इकडेच का?"

माझा भाचा प्रॉप आहे, तीन नंबरची जर्सी. रग्बीत नंबर म्हणजे जागा. १ आणि ३ हे प्रॉप, त्यांच्यामधला २ हूकर, आणि हे तिघे मिळून स्क्रमची, म्हणजे दोन्ही टीम वाकून एकमेकींना ढकलत बॉलसाठी भिडतात त्या गुंत्याची, पहिली फळी. पाच वर्षांपूर्वी बहीण म्हणाली, तुझ्याकडे कॅमेरा आहे तर त्याचे चार फोटो काढ की. तीन मॅच भिजत उभी राहिले, सहाशेच्या वर फोटो काढले. बहिणीने चहा गार होईपर्यंत सगळे पाहिले आणि विचारलं, "यात आमचा कुठला गं?" पाठ होती, मांडी होती, चिखलाने भरलेला बूट होता. चेहरा एकाही फोटोत नव्हता.

त्याचं कारण खेळातच आहे. स्क्रमला आठ विरुद्ध आठ भिडतात. एक नंबरला लूजहेड म्हणतात, कारण त्याच्या डोक्याची एक बाजू मोकळी असते. तीन नंबर टाइटहेड. त्याचं डोकं समोरच्या हूकर आणि लूजहेडच्या मधे रुततं, आणि लूजहेडचं डोकं बाहेरच्या बाजूने त्याला झाकून टाकतं. म्हणजे टचलाइनवरून तीन नंबर कितीही जवळ असला तरी मधे दुसऱ्याचं डोकं येतं. नऊ नंबरने बॉल काढून बाहेर दिला की सगळ्यांच्या नजरा आणि सगळे कॅमेरे बॅक्सबरोबर, म्हणजे स्क्रमच्या मागे थांबलेल्या पळणाऱ्या खेळाडूंबरोबर, पळतात. अकरा किंवा चौदा नंबरचा विंगर कोपऱ्यात ट्राय मारतो, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवतो. पाच गुण, टाळ्या. तो फोटो चार जणांकडे असतो. विंगरचा मला आनंदच आहे, पण त्याला माझी गरज नाही.

म्हणून मी थांबते. बॉल निघून गेल्यावर स्क्रम सुटतो आणि तीन नंबर डोकं वर काढतो. हे फार तर दोन सेकंद चालतं. कानांवरची टेप एका बाजूने सुटलेली, कपाळावर समोरच्याच्या जर्सीच्या शिवणीचा लाल वळ, भुवईतून पाणी गळतंय, तोंडातला गमशील्ड अर्धा बाहेर. डोळे अजून कशावरच ठरलेले नसतात. मग बॉल कुठे आहे ते दिसतं आणि तो पळायला लागतो. भाच्याचा मला मिळालेला पहिला खरा फोटो याच क्षणाचा. तो बहिणीने देवघराशेजारी लावलाय.

दुसरी जागा लाइनआउट. बॉल टचलाइनबाहेर गेला की दोन्ही टीम शेजारी-शेजारी रांगा करतात आणि मधे फेकलेल्या बॉलसाठी उड्या मारतात. तिथे उडी मारणाऱ्याचे फोटो सगळेच काढतात, कारण तो हवेत असतो. त्याला तोलून धरणारे बहुतेकदा प्रॉपच असतात. हात ताठ, मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि एरवी खाली गेलेला तो चेहरा तेवढ्यापुरता आकाशाकडे. मी फ्रेम मुद्दाम खाली ठेवते. बॉल कापला गेला तरी चालतो.

उभं कुठे राहायचं, हेही विचारता. त्याची टीम माझ्या उजवीकडे चढाई करत असेल तर टाइटहेड माझ्या बाजूला येतो. रेफरी 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो, त्यातल्या 'सेट'च्या आधी चेहरे अजून वर असतात. तिथेही दोन-तीन फोटो मिळतात. हाफटाइमला टीम बाजू बदलतात, तेव्हा मीही वळसा घालून मैदानाच्या पलीकडे जाते. मैदानाची रुंदी जवळजवळ सत्तर मीटर, माझी लेन्स सत्तर-तीनशे मिलिमीटरची साधी झूम. पलीकडच्या टचलाइनवर काय घडतं ते माझं नाहीच, हे मान्य केल्यावर काम सोपं झालं. गुडघ्याखाली फोमचा तुकडा घेऊन खाली बसते, म्हणजे डोक्यांच्या मागे गाड्या न येता झाडं येतात. टच जजच्या, म्हणजे टचलाइनवरच्या पंचाच्या, वाटेत यायचं नाही, आणि डावा डोळा उघडाच ठेवायचा. शंभर किलोचे दोघे टॅकलसकट अंगावर येऊ शकतात.

उजेड ही मात्र कायमची अडचण. मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्याचा. १९३३ साली भारतातली पहिली क्रिकेट कसोटी जिथे झाली, त्या बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर पावसाळ्यात रग्बी रंगतं. जुलैत साडेपाचला ढग उतरले की शटरचा वेग १/१००० सेकंदावरून १/६४० वर आणावा लागतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ६४०० च्या खाली जमत नाही, फोटोत दाणे दिसतात. दिसू देत. पळणाऱ्या विंगरला १/६४० पुरत नाही, डोकं वर काढणाऱ्या प्रॉपला पुरतं. पहिल्या वर्षी ओली लेन्स तशीच बॅगेत ठेवली आणि तिला बुरशी आली. तेव्हापासून घरी पोचल्यावर आधी लेन्स पुसून सिलिका जेलच्या डब्यात, मग माझी अंघोळ.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा कॅमेरेच कॅमेरे होते. मला मनापासून बरं वाटलं. पण तो सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांचा खेळ, स्क्रमला तीन-तीनच जण आणि सगळा वेग. पंधरा जणांच्या क्लब मॅचला पेपरवाले फिरकत नाहीत. तिथल्या तीन नंबरचा फोटो मी काढला नाही तर तो कुठेच नसतो. गेल्या वर्षी समोरच्या टीमच्या एका प्रॉपने बिचकतच विचारलं, "ताई, माझा एखादा आहे का? आईला वाटतं मी फुटबॉल खेळतो." अकरा होते. सगळे पाठवले.

आता खिशात छोटी डायरी असते. दोन्ही टीमचे नंबर लिहिलेले, चेहरा मिळाला की पुढे टिक. शिट्टी वाजल्यावर ज्यांच्यापुढे टिक नाही त्यांना शोधत फिरते. पोझ घ्यायला सांगत नाही. पाण्याच्या ड्रमपाशी बसून ते कानावरची टेप सोडवत असतात, ती ओल्या केसांना चिकटलेली असते, ओढताना एक डोळा मिटतो.